नळ आहे, पाणी आहे का? शाश्वत विकास ध्येयांवर काम सुरू करणाऱ्या छोट्या संस्थेसाठी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी स्वीकारलेली शाश्वत विकास ध्येये १७ आहेत आणि त्यांच्या पोटातली लक्ष्ये १६९. नवी संस्था पहिली चूक इथेच करते. ती ध्येय निवडते. ‘आम्ही ध्येय क्रमांक ६ वर काम करतो’ एवढ्यावरून सोमवारी सकाळी कोणी कुठे जायचं, हे कुणालाच कळत नाही. ‘लक्ष्य ६.१’ म्हटलं की कळायला लागतं: २०३० पर्यंत सर्वांना, समन्यायी पद्धतीने, सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी. यातला प्रत्येक शब्द म्हणजे गावात जाऊन विचारायचा एक प्रश्न आहे.

पुढची माहिती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काम उभं करणाऱ्या ट्रस्टसाठी, संस्थेसाठी किंवा मंडळासाठी आहे. उदाहरण सगळीकडे पिण्याच्या पाण्याचं घेतलं आहे. तुमचा विषय कुपोषण असो वा शाळा, पायऱ्या बहुतेक याच राहतील, मोजमापं तेवढी बदलतील.

लक्ष्य वाचायचं कसं

६.१, ६.२ असे अंक असलेली लक्ष्ये काय साध्य करायचं ते सांगतात. ६.अ, ६.ब अशी अक्षरं असलेली लक्ष्ये ते कशाच्या जोरावर करायचं ते सांगतात. ६.ब हे पाणी आणि स्वच्छतेच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवण्याबद्दल आहे. छोट्या संस्थेला ही जोडी पुरते: एक अंकाचं लक्ष्य, एक अक्षराचं. तिसरं घेण्याचा मोह आवरा.

लक्ष्याखाली निर्देशक असतो, आणि खरी परीक्षा तो घेतो. ६.१ चा निर्देशक तीन गोष्टी विचारतो: पाणी घराच्या आवारात मिळतं का, गरज असेल तेव्हा मिळतं का, आणि ते मैलाजन्य जंतूंपासून व घातक रसायनांपासून मुक्त आहे का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच ते घर मोजायचं. दोन ‘हो’ आणि एक ‘नाही’ म्हणजे नाही. हे समजलं की ‘गावात शंभर टक्के नळ’ या फलकाकडे बघण्याची नजर बदलते.

या लक्ष्याचं गावातलं नाव

सरपंचांसमोर ‘एसडीजी’ (शाश्वत विकास ध्येयांचं इंग्रजी लघुरूप) म्हणून सुरुवात केलीत, तर चहा मिळेल, काम मिळणार नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने या १७ ध्येयांच्या ९ संकल्पना केल्या आहेत आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आता त्यांनुसार होतो. मराठीत त्या अशा: गरिबीमुक्त व उपजीविका वृद्धीस पोषक गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनयुक्त गाव, लिंगसमभाव पोषक गाव. आपल्याकडे या आराखड्याला सगळे ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून ओळखतात. तुमचं ६.१ हे तिथलं ‘जलसमृद्ध गाव’. गावात बोलताना हेच नाव वापरा.

आणखी एक गैरसमज लवकर दूर व्हायला हवा. संस्थेचं काम संयुक्त राष्ट्रांकडे आपोआप कुठेही नोंदलं जात नाही. तसं प्रमाणपत्रही नाही. तशी प्रमाणपत्रं कोणी विकत असेल तर लांब राहा. तुमचं योगदान वर जातं ते ग्रामपंचायतीच्या आकड्यांतून. पंचायत प्रगती निर्देशांक हा त्याचा रस्ता. २०२२-२३ च्या माहितीवरचा पहिला निर्देशांक एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्यात देशातल्या दोन लाख सोळा हजारांहून जास्त पंचायतींना १०० पैकी गुण मिळाले. तुमच्या गावाला जलसमृद्ध संकल्पनेत किती गुण आहेत ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. मात्र ही माहिती बऱ्याच ठिकाणी संगणक परिचालक दप्तर बघून भरतो, त्यामुळे ‘नळजोडणी दिली’ हे ‘पाणी मिळतं’ असं चढलेलं असू शकतं. ती तफावत शोधणं हे तुमच्या पहिल्या तीन महिन्यांचं काम.

गावं किती, आणि पहिल्या भेटी

तीन गावं घ्या, फार तर चार. कार्यालयापासून दुचाकीवर तासाभराच्या आतली असावीत, कारण सकाळी सहाला नळ सुटतो तेव्हा तिथे हजर राहायचं आहे. एक गाव रस्त्याकाठचं, एक वाड्या-वस्त्यांत विखुरलेलं, अशी निवड असली तर पहिल्याच वर्षी जास्त शिकायला मिळतं. ग्रामपंचायतीची मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर ते गाव पुढच्या वर्षावर टाका. आचारसंहितेत ठराव अडकतात, आणि निवडणूक लांबली तर प्रशासक येतो. त्याच्याकडे पाच-सहा गावं असतात.

कोणाला भेटायचं ते ठरलेलं आहे: सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये एकत्र करून हे नाव आलं, बोलताना मात्र सगळे ग्रामसेवकच म्हणतात), जलसुरक्षक (पाण्यात रोज जंतुनाशक पावडर टाकणारा), नळ सोडणारा पाणीपुरवठा कर्मचारी, आशाताई, अंगणवाडीताई, मुख्याध्यापक, बचत गटांच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षा. यांतला नळ सोडणारा माणूस सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. कोणत्या आळीला पाणी चढत नाही, कुठला व्हॉल्व्ह गळतो, कोणी मोटर लावतं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्याबरोबर दोन सकाळी फिरा आणि कागदावर जलवाहिनीचा नकाशा काढून घ्या.

ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की तोंडी बोललेलं सगळं पुसलं जातं. पोच असलेलं पत्र दप्तरात राहतं.

पायाभूत मोजणी: इथे घाई नको

काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदली नाही, तर वर्षाअखेरीला काय बदललं ते सांगताच येत नाही. तरीही बहुतेक नव्या संस्था ही पायरी उरकून टाकतात, मग मार्चमध्ये आठवणीने आकडे भरतात.

अडीचशे घरांपर्यंतचं गाव असेल तर नमुना निवडत बसू नका, सगळी घरं करा. दोघांची जोडी दिवसाला साधारण वीस घरं नीट करते, म्हणजे दोनशे घरांना दोन जोड्यांचे पाच दिवस. गाव मोठं असेल तर प्रत्येक पाचवं घर घ्या, पण प्रत्येक वाडी, तांडा, पाडा, वस्ती वेगळी धरून. गावठाणातली घरं मोजून सरासरी काढली की वस्ती त्या सरासरीत बुडते. लक्ष्यातला ‘समन्यायी’ हा शब्द बरोबर याच बुडालेल्या घरांसाठी आहे.

मोजायचं काय? जल जीवन मिशनचं (घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या योजनेचं) मानक माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. ‘पुरेसं पाणी मिळतं का?’ असं विचारून ते कळत नाही. बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ घ्या. २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि पाणी किती मिनिटं, किती दिवसांनी येतं ते विचारा.

उदाहरण बघा. बादली १०० सेकंदांत भरते, पाणी ४५ मिनिटं म्हणजे २,७०० सेकंद येतं. २७ बादल्या, ५४० लिटर. घरात पाच माणसं. पाणी रोज येत असेल तर माणशी १०८ लिटर, छान. दिवसाआड येत असेल तर ५४, मानकाच्या किंचित खाली. तीन दिवसांतून एकदा असेल तर ३६. आता त्याच वाहिनीच्या शेवटच्या घरात चला. तिथे बादलीला २४० सेकंद लागतात, म्हणजे तेवढ्याच वेळात २२५ लिटर. पाणी रोज येऊनही माणशी ४५ लिटरच. सरकारी नोंदीत दोन्ही घरं एकाच रकान्यात आहेत.

तक्त्याला दहा रकाने पुरतात: घर क्रमांक, वाडी किंवा आळी, माणसं, बादलीचे सेकंद, पुरवठ्याची मिनिटं, किती दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून, ते कोण आणतं, एका खेपेला किती वेळ, टँकरवर किंवा जारवर महिन्याला खर्च. ‘कोण आणतं’ हा रकाना बिनपगारी घरकामाच्या लक्ष्याशी, ५.४ शी, जोडलेला आहे आणि शेवटचा रकाना ‘परवडणारं’ या शब्दाशी. आधार क्रमांक, बँक खातं असलं काही मागू नका. लागत नाही, आणि मागितलं की लोक तुम्हाला कुठल्यातरी योजनेचे एजंट समजतात.

ही मोजणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये पाण्याचं प्रमाण कळतं, ऑगस्टमध्ये गुणवत्ता. पायाभूत मोजणी ऑक्टोबरात आणि शेवटची मोजणी पुढच्या ऑक्टोबरात केलीत, तर दोन्ही वेळा विहिरी भरलेल्या असतात आणि अहवालात सगळं गोड दिसतं.

पाण्याची तपासणी

ग्रामपंचायतीला पुरवलेला क्षेत्रीय तपासणी संच, ज्याला सगळे एफटीके म्हणतात, आधी कुठे आहे ते शोधा. बऱ्याचदा तो कपाटात असतो आणि त्यातल्या रसायनांची मुदत संपलेली असते. प्रत्येक गावात पाच महिलांना हा संच वापरण्याचं प्रशिक्षण देणं जल जीवन मिशनमध्ये अपेक्षित आहे. नावं कागदावर असतात, त्या बायकांना भेटून खात्री करा.

संचाने चाळणी होते, निकाल लागत नाही. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर किंवा फ्लोराइड १.५ च्या वर दिसलं, तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. तिथे हातपंपाचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तपासणी सोडू नका. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं वाढतंच.

जंतूंसाठी एचटूएस बाटली सोपी पडते. पाणी खुणेपर्यंत भरायचं, कोमट जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर पाणी दूषित. नळाचं तोंड न पुसता, बोट आत घालून भरलेली बाटली काळी होणारच; दोष पाण्याचा की हाताचा, ते मग कळत नाही. प्रयोगशाळेत जंतुतपासणीला द्यायचा नमुना तिथूनच आणलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवा. क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर तसं सांगून बाटली घ्या, कारण त्या बाटलीत क्लोरीन निकामी करणारं रसायन आधीच घातलेलं असावं लागतं.

टीसीएल पावडरचं गणित

बहुतेक गावांत पहिला खरा फरक इथेच पडतो, आणि जवळपास फुकट पडतो. ताज्या टीसीएल पावडरमध्ये, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरमध्ये, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं, ओलसर खोलीत, उन्हाजवळ ठेवलं की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. जलसुरक्षक इमानदारीने रोज पावडर टाकतो आणि नळाला क्लोरीन मिळत नाही, याचं कारण बहुधा पोत्यात असतं. मोठं पोतं एकदम घेण्याऐवजी दोन-तीन महिन्यांना पुरेल एवढीच पावडर घ्यावी आणि झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, लोखंडापासून लांब ठेवावी.

विहिरीतलं पाणी मोजायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, मापं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर ३७.७ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर ९४ ग्रॅम. पावसाळ्यात गढूळपणा असेल तर दुप्पटही लागते. अंतिम प्रमाण पुस्तक ठरवत नाही, नळावरची चाचणी ठरवते.

१. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली तीन-चतुर्थांश भरायची.
२. पाच ते दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. चुना तळाशी बसतो.
३. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं.
४. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवायची.
५. एक तास थांबून मगच पाणी सोडायचं.

नंतर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकून पाण्यात उरलेलं क्लोरीन बघायची चाचणी. ती टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही. शेवटच्या घराच्या नळावर करा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग ताडून बघायचा. पाच मिनिटं गप्पा मारून बघितलं तर रंग गडद होतो आणि आकडा फुगतो. परीक्षानळीतलं पाणी विहिरीत परत ओतू नका, त्या द्रावणाशी मुलांना खेळू देऊ नका. रोजची नोंद वहीत: तारीख, वेळ, कोणाचं घर, आकडा, सही. या वहीची तीन पानं ग्रामसभेत वाचून दाखवली तर संस्थेला दुसरं भाषण करावं लागत नाही.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य विभाग पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. पिवळं का मिळालं, याची कारणं सर्वेक्षणाच्या कागदात असतात: विहिरीचा कठडा फुटलेला, उकिरडा जवळ, हातपंपाचा ओटा खचलेला. ही कामाची आयती यादी आहे. ती मागून घ्या.

ठराव, आराखडा आणि पैसा

संस्थेने स्वतःच्या पैशाने पाइप टाकणं ही सर्वांत आकर्षक आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पुढच्या वर्षी तो फुटला की गाव तुम्हाला फोन करतं. पैसा ग्रामपंचायतीकडे असतो. तो योग्य ओळीत पडावा यासाठी धडपडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा, होता; निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. चालू वर्षाची विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून शासन निर्णयासह घ्या, ऐकीव टक्के वापरू नका. पेसा क्षेत्रातलं (आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालचं) गाव असेल तर आदिवासी उपयोजनेतून थेट येणारा ५ टक्के अबंध निधी वेगळा. तो ग्रामसभा कोष समितीकडे असतो आणि तिथे पाड्याची ग्रामसभाच निर्णय घेते.

आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते. म्हणून एप्रिल आणि ऑगस्टच्या मोजण्या हाताशी असणं गरजेचं. डिसेंबरात आकडे घेऊन गेलात तर कामांची यादी ठरलेली असते.

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रुळलेल्या आहेत. त्याआधी महिलांची सभा व्हायला हवी. तुमचा विषय तिथे आधी मांडा, कारण बादलीचे सेकंद कोणाला माहीत असतात ते उघड आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. ठरावाचा मसुदा दोन ओळींत लिहून न्या: कोणत्या वस्तीत, कोणतं काम, कोणत्या निधीतून, कोणत्या महिन्यापर्यंत. ‘पाणीप्रश्न सोडवण्याबाबत चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. इतिवृत्ताची प्रत आठ दिवसांत मागा.

सभेत संस्थेच्या माणसाने कमी बोलावं. आकडे पाणी समितीच्या बायकांनी वाचावेत. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असणं आवश्यक आहे, तेव्हा हा मान त्यांचाच.

आणि पाणीपट्टी. हा विषय कोणाला आवडत नाही, पण योजना बंद पडते ती इथेच. महावितरणचं बिल थकतं, जोडणी तुटते, मोटर बंद. गणित फळ्यावर मांडा. समजा वीज, टीसीएल, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्याचं मानधन मिळून वर्षाला १,८०,००० रुपये लागतात आणि जोडण्या १५० आहेत. जोडणीमागे वर्षाला १,२००, महिन्याला १००. वसुली ६० टक्के झाली तर ७२,००० रुपयांचा खड्डा, आणि तो नेमका मे महिन्यात दिसतो. ज्या घरांना ३६ लिटर मिळतं ती पट्टी देत नाहीत, यात आडमुठेपणा काही नाही. आधी शेवटच्या आळीचं पाणी सुधारा, व्हॉल्व्हची वेळ बदला, वाहिनीला लावलेल्या खासगी मोटरी ग्रामसभेच्या ठरावाने काढा. वसुली मग मागता येते.

संस्थेची कागदपत्रं

यावर फार वेळ घालवू नका, पण क्रम चुकवू नका. महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयातून नोंदतात. मग पॅन, बँक खातं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, आयकरातल्या नोंदण्या (ज्यांना सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात; पहिली संस्थेच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी, दुसरी देणगीदाराच्या).

पहिल्याच वर्षी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली काही कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात हे खरं, पण राबवणाऱ्या बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणगीच्या नोंदणीलाही साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी पुढे देता येत नाही. तेव्हा पहिली तीन वर्षं गावची, तालुक्याची, मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांची देणगी, नाहीतर जुन्या संस्थेबरोबर लेखी करार. कंपनीचा पैसा पुढे आलाच, तर एक सावधगिरी: फेब्रुवारीत फोन करून ३१ मार्चपर्यंत खर्च करायला सांगणारा देणगीदार तुमच्याकडून पाणपोया बांधून घेतो, मोजणी नाही.

अहवाल

दोन पानं पुरेत. पहिल्या पानावर एकच तक्ता: प्रत्येक वाडी, एकूण घरं, ५५ लिटर मिळणारी घरं आधी आणि आता, शेवटच्या नळावर क्लोरीन सापडलेले दिवस, तपासलेले दिवस. छेद नेहमी लिहा. ‘१४० घरांना लाभ’ याला अर्थ नाही, ‘२१० पैकी १४०’ याला आहे. एकाच घराला प्रशिक्षणात, सभेत आणि नळात तीनदा मोजून ‘लाभार्थी’ तिप्पट करू नका. ग्रामपंचायतीच्या पैशाने झालेलं काम ग्रामपंचायतीच्या नावावर लिहा, तुमच्या रकान्यात मोजणी, पाठपुरावा आणि प्रशिक्षण एवढंच. दुसऱ्या पानावर जे झालं नाही ते, कारणासह.

पाण्यामुळे आरोग्य सुधारलं, मुली शाळेत जायला लागल्या, म्हणून ध्येय ३, ४ आणि ५ अशी चिन्हं चिकटवायची इच्छा होईल. ५.४ साठी खेपेचा वेळ मोजला असेल तर तेवढं लिहा, बाकी सोडून द्या. चिन्हांबद्दल नियमही आहे: संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह असलेला ध्येयांचा लोगो बाहेरच्या संस्थांनी वापरायचा नाही. रंगीत चक्र आणि १७ चिन्हं माहितीसाठी वापरता येतात, पण देणग्या गोळा करण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरायची तर आधी परवानगी लागते. देणगी मागणाऱ्या पत्रकावर ती बिनधास्त छापली जातात, म्हणून सांगायचं.

अहवालाची पहिली प्रत ग्रामपंचायतीला, पोच घेऊन. दुसरी पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना. देणगीदार तिसरे.

दुसऱ्या वर्षी गावं वाढवण्याआधी एक तपासणी करा. पंधरा दिवस गावात जाऊ नका, मग न सांगता सकाळी जाऊन क्लोरीनची वही बघा. नोंदी चालू असतील तर ओटी द्रावण आणि टीसीएलची खरेदी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात गेली आहे का ते विचारा आणि चौथं गाव घ्या. तुमची फेरी थांबली त्याच दिवशी वही थांबली असेल, तर आधी जलसुरक्षकाचं मानधन किती महिन्यांचं थकलंय ते पाहा.